सगळ्या कचेऱ्यांची एकच तिजोरी

माझे वडील एका सरकारी कार्यालयात शिपाई होते. खातं कोणतं ते सांगत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल थोडं वाकडं लिहावं लागणार आहे. १९८० च्या आसपास आम्ही आर्वीत राहायचो. महिन्याच्या विशीनंतर एक दिवस ते कापडी पिशवीत पगारबिल घालून उपकोषागारात जात. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असली की मलाही सायकलच्या दांडीवर बसवून नेत. तिथल्या खिडकीपुढची रांग मला अजून आठवते. पोलीस ठाण्याचा हवालदार, सरकारी दवाखान्याचा वॉर्डबॉय, कोर्टाचा बेलिफ, ढोरांच्या दवाखान्याचा शिपाई असे सगळे हातात बिलं घेऊन एकामागे एक उभे असत. बिल आत गेलं की बदल्यात पितळी टोकन मिळे. ते हरवलं तर घरी चूल पेटणार नाही, अशा धास्तीने वडील ते आतल्या खिशात ठेवत.

कधी आतून आवाज येई, "साहेबाले सांगा, मंजुरीचा आदेश जोडला नाही." मग बिल परत. साहेब कोणत्या खात्याचे, केवढे मोठे, याच्याशी आतल्या माणसाला काही देणंघेणं नसे. मला लहानपणी वाटायचं, खिडकीतला हा माणूस सगळ्या साहेबांचा साहेब असला पाहिजे. प्रत्यक्षात तो कनिष्ठ लेखापाल होता.

ही रांग म्हणजे नेमकं काय होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं. नंतर वर्ध्याच्या कचेरीसमोर टायपिंग आणि अर्ज लिहून देण्याचं काम बावीस वर्षं केलं. माझा अभ्यास म्हणाल तर तो त्या टेबलावरचा, आणि रद्दीतून उचललेल्या नियमपुस्तकांचा. अशाच एका रद्दीच्या गठ्ठ्यात प्रशासनावरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात 'शेअर्ड सर्व्हिसेस' हा शब्द पहिल्यांदा वाचला. आपण त्याला सामायिक सेवा म्हणू. कल्पना साधी आहे. पोलीस खातं असो, आरोग्य असो की शेती, काही कामं सगळ्यांना सारखीच लागतात: पगार काढणं, हिशेब ठेवणं, खरेदी, निवृत्तिवेतनाचे कागद. मग प्रत्येकाने ती वेगळी करण्यापेक्षा एकाच ठिकाणी सगळ्यांसाठी करावीत. पुस्तकात ही १९८० नंतरच्या मोठ्या कंपन्यांची युक्ती म्हणून सांगितली होती. सरकारांनी ती पुढे त्यांच्याकडून उचलली म्हणे. मी पुस्तक मिटलं आणि आर्वीची रांग आठवली.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला गेला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी आणलं गेलं आणि त्या खेड्याचं वर्धा शहर झालं. त्याच्या आगेमागेच, १८६० मध्ये, जेम्स विल्सन यांनी हिंदुस्थान सरकारचा पहिला अर्थसंकल्प मांडला होता. अर्थसंकल्प म्हटला की प्रत्येक रुपया कुठून आला आणि कोणत्या नावाखाली गेला हे ठरावीक साच्यात लिहिणं आलं. हे साचेबंद लिहिण्याचं जिल्ह्यातलं ठिकाण म्हणजे कोषागार. मध्य प्रांतात जिल्ह्याचा प्रमुख डेप्युटी कमिशनर असे आणि कोषागार त्याच्याच छत्राखाली चाले. तिथे रोकड होती, मुद्रांक होते, एके काळी अफूसुद्धा होती. इतर कचेऱ्यांची सीलबंद पाकिटं आणि त्यांच्या तिजोऱ्यांच्या जादा किल्ल्याही तिथेच ठेवायला येत. भक्कम खोली, दारावर सशस्त्र गार्ड आणि दोन कुलपं. दोन कुलपांच्या किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. एकट्याने दार उघडायचंच नाही, अशी ती सोय. या दुहेरी कुलपाकडे पुढे परत यायचं आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला वर्धा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. राज्यं बदलली, फॉर्म बदलले, कोषागाराचं काम तेच राहिलं. आजही ते महाराष्ट्र कोषागार नियम, १९६८ प्रमाणे चालतं. कोषागार वर्ध्याला, उपकोषागारं तालुक्यांना. बांधकाम, पाटबंधारे आणि वन या खात्यांच्या विभागांना कामांसाठी स्वतःच्या धनादेशाची मुभा होती, म्हणून त्यांचे शिपाई वडिलांच्या रांगेत क्वचित दिसत. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. त्यांचा वित्त विभाग आणि जिल्हा निधी वेगळा. बाकी जवळजवळ सगळं सरकार त्याच खिडकीतून जायचं.

आता आत काय चालतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण नोकरीत आयुष्य घालवलेल्या लोकांनाही ते पुरतं ठाऊक नसतं.

समजा, तालुक्याच्या एखाद्या कार्यालयाला विजेचं बिल भरायचं आहे. कार्यालयप्रमुख बहुधा 'आहरण व संवितरण अधिकारी' असतो. आहरण म्हणजे तिजोरीतून पैसे काढणं आणि संवितरण म्हणजे ते वाटणं. तो बिल तयार करून सही करतो, पण पैसे त्याच्या हातात नसतात. बिल कोषागारात जातं. तिथे सही नमुना स्वाक्षरीशी ताडून पाहतात, मंजुरी आहे का, अनुदान शिल्लक आहे का, बेरीज बरोबर आहे का, हे तपासतात. चुकलं तर आक्षेप लिहून परत. बरोबर असलं तर पारित. पैसे बँक देते. मग ही सगळी प्रमाणकं महिन्यातून दोनदा नागपूरला महालेखापालांच्या कार्यालयात जातात, आणि ते कार्यालय राज्य सरकारचं नाहीच. ते भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या हाताखालचं. म्हणजे खर्च ठरवणारा एक, तपासणारा दुसरा, पैसे देणारा तिसरा आणि हिशेब लिहिणारा चौथा.

या चौघांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून आकडे आहेत. लेखाशीर्ष चार आकड्यांनी सुरू होतं. पहिला आकडा ० असेल तर जमा, २ असेल तर महसुली खर्च, ८ असेल तर सरकारने लोकांचा म्हणून सांभाळलेला पैसा. ००२९ म्हणजे जमीन महसूल, ००३० मुद्रांक. २०५३ जिल्हा प्रशासन, २०५५ पोलीस, २२१० आरोग्य, २०७१ निवृत्तिवेतन. शेवटचे दोन आकडे पैसा कशावर गेला ते सांगतात: ०१ वेतन, ०६ दूरध्वनी, वीज व पाणी, ११ प्रवास, १३ कार्यालयीन खर्च. समुद्रपूरच्या ठाण्याचा पंखा आणि मुंबईतल्या ठाण्याचा पंखा एकाच ओळीत येऊन बसतात ते या आकड्यांमुळे. मला स्वतःला हे आकडे पाठ करायचा छंदच लागला होता. बायको म्हणायची, भाजीच्या हिशेबालाही शीर्ष टाका.

सामायिक सेवेचे गोडवे गाणारे लेख वाचतो तेव्हा त्यांत सगळा भर बचतीवर असतो: दहा ठिकाणची दहा माणसं काढा, एका ठिकाणी चार बसवा. कोषागार मात्र पैसे वाचवायला काढलेलं नव्हतं. हात वेगळे ठेवायला काढलं होतं. ते सगळ्यांचं असल्यामुळे कोणा एका खात्याचं नव्हतं, म्हणूनच त्याला कोणालाही 'नाही' म्हणता येत होतं. कोषागाराची सर्वसाधारण जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, तरी त्यांच्या कार्यालयाचं बिलही आक्षेप लागून परत येतं. ते 'नाही' बंद पडलं की काय होतं, हे बिहारने दाखवलं. पशुसंवर्धन खात्याची खोटी बिलं तिथे वर्षानुवर्षं कोषागारांतून पारित होत राहिली. जानेवारी १९९६ मध्ये चाईबासाचे उपायुक्त अमित खरे यांनी खात्याच्या कार्यालयांवर छापे घातले, तेव्हा चारा घोटाळा उघडा पडला. खिडकी होती, रांग होती, नियमही हेच होते. आतला माणूस विचारत नव्हता, एवढंच.

मग संगणक आले. 'सेवार्थ' म्हणून प्रणाली आली, तिच्यात राज्याच्या कर्मचाऱ्यांचे पगार. 'बीम्स' आली, तिच्यात अनुदानाचं वाटप. 'ग्रास' आली, तिच्यात सरकारजमा रक्कम घरबसल्या भरता येते. पूर्वी चलनाच्या प्रती घेऊन बँकेत तिष्ठावं लागे. शाळांसाठी 'शालार्थ' आली, निवृत्तांसाठी 'निवृत्तिवेतनवाहिनी'. नावं ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे. आणि कामंही खरंच सुधारली. पूर्वी मंत्रालयातून निघालेलं अनुदान खातेप्रमुख, नियंत्रक अधिकारी असं टपाटपाने तालुक्याला पोचेपर्यंत वर्ष सरत यायचं. आता ते पडद्यावर दिसतं आणि शिल्लक नसताना बिल काढताच येत नाही. ३१ मार्चला रात्रीपर्यंत कोषागारं उघडी असतात ते अजून तसंच आहे. फरक इतकाच की पूर्वी लोक तारेची वाट पाहायचे आणि आता पडदा ताजा करत बसतात.

माझी तक्रार संगणकाशी नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या लोकांमुळे मला दुसरंच काही दिसायला लागलं. पगार मुंबईच्या सर्व्हरवर निघू लागला, पण त्यात माहिती भरायची कोणी? ती तालुक्याच्या कार्यालयातच भरायची. वेतनवाढ, रजा, कर्जाचा हप्ता, घरभाडं, बदली, सगळं तिथल्या कारकुनाने टाकायचं. वर्धा जिल्ह्याचे आठ तालुके. मोठ्या खात्यांकडे आस्थापनेला दोन-तीन माणसं असतात. पण आष्टी, कारंजा, सेलू अशा गावांत कितीतरी कार्यालयं अशी की एक अधिकारी, एक कारकून आणि शिपायाची जागा रिकामी. शेजारच्या कार्यालयातला कारकून निवृत्त झाला की त्याचंही काम 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून याच्याच गळ्यात. एका कारकुनाने मला त्याचे पासवर्ड लिहिलेली वही दाखवली. वही म्हणजे शाळकरी पोराचा पाढ्यांचा कागद वाटावा. "काका," तो म्हणाला, "पयले एक काम चुकलं तर एक साहेब बोलत होता. आता साइटच घेत नाही, कोणाले बोलू?"

म्हणजे यंत्र सामायिक झालं, माणूस झाला नाही. मध्यावरचं काम कमी झालं ते मोजलं गेलं. कडेला वाढलं ते आठ तालुक्यांत आणि अनेक टेबलांवर विखुरलेलं आहे, म्हणून ते कोणत्याच अहवालात येत नाही.

हे आपल्याकडचंच दुखणं असेल असं मला वाटलं होतं. मग कॅनडाची हकिकत वाचली. तिथे केंद्र सरकारच्या खात्यांत पगाराचं काम करणारी माणसं खात्याखात्यांत बसलेली होती. २००९ मध्ये सरकारने ठरवलं की हे सगळं एका जागी न्यायचं. जागा निवडली न्यू ब्रन्सविक प्रांतातलं मिरामिशी नावाचं लहान गाव. तिथलं बंदूक नोंदणीचं कार्यालय बंद होणार होतं, त्याची ही भरपाई. सुमारे १,२०० अनुभवी माणसांच्या जागा रद्द केल्या, मिरामिशीत साधारण ५५० नवी नेमली. वर्षाला ७ कोटी डॉलर वाचणार होते. 'फिनिक्स' नावाची नवी पगारप्रणाली २०१६ मध्ये सुरू झाली. कोणाला पगारच नाही, कोणाला कमी, कोणाला दुप्पट. जून २०१७ अखेर न सुटलेल्या चुकांची रक्कम ५२ कोटी डॉलरवर गेली होती. तिथल्या महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात या प्रकाराला अनाकलनीय अपयश म्हटलं. ब्रिटनमध्ये वाहतूक खात्याने स्वान्सीला असंच सामायिक केंद्र काढलं, तिथे काही वेळा पडद्यावर जर्मन भाषेत संदेश येत. ५.७ कोटी पौंड वाचवायला निघालेल्या या प्रकल्पाने उलट ८ कोटींच्या वर बोजा टाकायची वेळ आणली.

कॅनडाच्या गोष्टीत माझं लक्ष त्या १,२०० माणसांपाशी अडकलं. त्यांना काय येत होतं, जे प्रणालीला आलं नाही? अमक्या बंदरावरच्या पाळीचा भत्ता कसा धरायचा, तमक्या बाईची रजा मधेच का तुटली आहे, हे त्यांना डोक्यात ठाऊक होतं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडे असल्या माणसाला 'जुना बाबू' म्हणतात, आणि त्याची थट्टा करण्याची रीत आहे. मीही केली आहे.

ती थट्टा मला नडली. वडील दुसऱ्या एका जिल्ह्यातून निवृत्त झाले होते. ते गेल्यावर आईचं कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू व्हायचं होतं. सेवापुस्तकात वारस म्हणून आईचं नाव कुठल्याशा कारकुनाने माहेरचं लिहिलेलं. आधारवर आणि बँकेत सासरचं. आमच्या भागात लग्नात नाव बदलण्याची चाल होती, त्यामुळे ही अडचण घरोघरी आहे. मला वाटलं, आठ दिवसांचं काम. असे शंभर अर्ज मी लोकांना लिहून दिलेत. बँकेने सांगितलं, नाव जुळत नाही, निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयात जा. तिथे सांगितलं, दुरुस्तीचा प्रस्ताव मूळ कार्यालयाकडून आला पाहिजे. मूळ कार्यालय दुसऱ्यात विलीन झालेलं. विलीन झालेल्या कार्यालयातला कारकून तीन टेबलं सांभाळत होता, आणि नावाच्या दुरुस्तीसाठी पडद्यावर कुठे जायचं हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता. दर वेळी चहा पाजायचा. अकरा महिने मी त्याचा चहा प्यायलो. आई दर महिन्याच्या पाच तारखेला विचारायची, "आलं काय रे?" नंतर तिने विचारणं सोडलं, ते जास्त लागलं.

वाट काढली ती एका निवृत्त उपलेखापालाने. बाबूजी ऐंशीच्या घरातले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "प्रकरणासोबत जोड फोटो आणि ओळखीच्या खुणांचा कागद गेला असेल ना?" निवृत्तिवेतनाच्या प्रकरणाला पतिपत्नीचा एकत्र फोटो, नमुना सही किंवा अंगठा आणि शरीरावरच्या खुणा जोडाव्या लागतात. ती प्रत निघाली. फोटोत आई वडिलांशेजारी, डोक्यावर पदर. खुणांच्या रकान्यात लिहिलं होतं, डाव्या भुवईवर व्रण. लहानपणी विहिरीच्या रहाटाची दांडी लागली होती तिला. नाव काहीही असो, या व्रणाची बाई हीच, असं राजपत्रित अधिकाऱ्याने प्रमाणित केलं, सोबत प्रतिज्ञापत्र जोडलं आणि कागद पुढे सरकला. थकबाकीसह रक्कम जमा झाली. त्यानंतर दोन नोव्हेंबर आई बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर अंगठा देऊन आली. तिसरा नोव्हेंबर आला नाही.

बाबूजींना मी विचारलं होतं, तुम्ही असताना हे किती दिवसांचं काम होतं? ते हसले. म्हणाले, "आमच्या वेळी तुमची आई खिडकीशी उभी राहिली असती, मी वर पाहिलं असतं." मला तेव्हा हे पटलं, पण नंतर विचार केला तर तितकंसं नाही. त्यांच्या वेळी वर न पाहणारेही पुष्कळ होते, आणि वर पाहण्याचे पैसे मागणारेही. रांगेतल्या टोकनाचा मोह मी धरत नाही.

मात्र एक गोष्ट करण्यासारखी आहे, आणि ती करायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी लहान कार्यालयांसाठी मिळून आस्थापनेचा एक कक्ष असावा. चार-पाच प्रशिक्षित माणसं, ज्यांना सेवापुस्तक वाचता येतं, वेतननिश्चिती कळते, आणि वेतन पडताळणी पथकाकडे प्रकरण कसं पाठवायचं ते माहीत आहे. एक निवृत्त झाला तर दुसऱ्याला शिकवून जाईल. कार्यालयप्रमुखाची सही त्याच्याकडेच राहील. कागद तयार करणारे हात तेवढे सामायिक होतील. जागेचाही प्रश्न नाही, उपकोषागाराच्या शेजारची एक खोली पुरे. हे मी दोन-तीन अधिकाऱ्यांना बोलून दाखवलं. त्यांचं म्हणणं, पदं मंजूर होणार नाहीत, वित्त विभाग बचत विचारेल. बचत दाखवता येणार नाही हे खरं आहे, कारण आज जे वाया जातं ते कुठल्याच शीर्षाखाली लिहिलेलं नाही. माझ्या आईचे अकरा महिने २०७१ मध्ये उलट शिल्लक म्हणून दिसले असतील.

या लेखासाठी मागच्या पावसाळ्यात जिल्ह्यातल्या एका लहान कार्यालयात पुन्हा गेलो होतो. अधिकारी बैठकीला गेलेले. कारकून मुलगी तिशीच्या आतली, हुशार, तीन कार्यालयांचं काम पाहते. बोलता बोलता तिने टेबलाचा खण उघडला. आत डिजिटल स्वाक्षरीचे तीन डोंगल होते, तीन साहेबांचे. गडबड होऊ नये म्हणून प्रत्येकाला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, त्यावर तिच्या सुबक अक्षरात साहेबांचं पद. मी म्हटलं, बाई, हे तुमच्याकडे कसे? ती म्हणाली, "साहेब रोज नसतात ना काका. काम थांबतं." मी त्या खणाला कुलूप आहे का ते पाहिलं. होतं, एक. किल्ली त्यालाच लटकत होती.